शिंगाळ्याचा तिसरा काटा

आमच्या घरात तोंडाआधी हात चालतो. माझे वडील डहाणूच्या आगरचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, तेही स्वतःच्या बोटीचे. त्यांच्या हाताची चव डहाणू बंदरावरच्या निम्म्या माणसांनी चाखली आहे, माझ्या आईने चाखली आहे, धाकट्या भावाने आणि मी तर जेवणाइतकी नेमाने. मी त्यांचीच मुलगी. शाळेत असताना मी एका मुलीच्या डोक्यात कंपासपेटी घातली होती, टाके पडले. घरी सांगितलं तेव्हा वडील आधी हसले आणि मग मला बडवलं. हसले कशाला आणि बडवलं कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढे शिकले, मुंबईला गेले, आणि आता उंदीर मारून पगार घेते. आमच्या प्रयोगशाळेत त्याला कोणी मारणं म्हणत नाही, त्याला बरीच सभ्य नावं आहेत. मी मारणंच म्हणते. एका हाताच्या चिमटीत मान धरायची, दुसऱ्या हाताने शेपटी, आणि एक झटका. मान निखळते ती कानाला नाही, बोटांना कळते. मग पोट उघडून प्लीहा काढायची आणि तिच्यातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी वेगळ्या करायच्या. हे काम मला जमतं आणि आवडतं, उगाच हळवेपणा कशाला दाखवू?

त्या पेशींमध्ये मी काय शोधते ते वडिलांना एकदा ओटीवर बसून समजावलं होतं. अंगात जंतू शिरले की या पेशींच्या आत घंटा वाजते. त्यासरशी जनुकांवरून हुकूम सुटतात: हे हत्यार बनवा, ते विष बनवा, ताप चढवा, दिसेल ते गिळा. हे हुकूम आरएनए नावाच्या लांब रेणूत लिहिलेले असतात. पेशी हुकूम वाचते आणि हत्यार तयार करते. पण त्याच पेशीत दुसरे, अगदी छोटे आरएनए असतात, जेमतेम बावीस अक्षरांचे. त्यांच्यावर कुठलंच हत्यार लिहिलेलं नसतं. ते फक्त त्या लांब हुकुमाला जाऊन चिकटतात आणि तो वाचला जाण्याआधी त्याला गप्प करतात, नाहीतर त्याच्या चिंध्या करवतात. जनुक जागच्या जागी असतं, घंटा वाजलेली असते, हुकूमही सुटलेला असतो. तो अमलात मात्र येत नाही.

त्यातल्या एकाला आम्ही एकशे सेहेचाळीस म्हणतो. जी घंटा हत्यारं बाहेर काढायला लावते, तीच या एकशे सेहेचाळीसलाही उठवते, पण तो जरा उशिरा तयार होतो. आधी मारामारीला वाव, मग मारामारी सोडवणारा हजर. उलट एकशे पंचावन्न नावाचा दुसरा एक आहे, तो टाच मारून आणखी पळवतो. माझ्या उंदरांमधून एकशे सेहेचाळीस काढून टाकलेला असतो. लहानपणी ते छान दिसतात. वय वाढलं की प्लीहा फुगते, अंगातलं सैन्य घरातच लुटालूट करायला लागतं. अशा उंदराला मेलेल्या जंतूचं नुसतं साल टोचलं, तरी तो तडफडून मरतो. शेजारच्या पिंजऱ्यातला साधा उंदीर तेवढ्याच डोसाने मरगळतो आणि दोन दिवसांत खायला लागतो.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तो रेनू भित्रा."

"भित्रा नाही बाबा, थांबवणारा."

"एकच ते," म्हणाले आणि जाळं विणायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण जाळ्याची सुई त्यांच्या हातात होती.

गेल्या मोसमात मी सुट्टीला घरी असताना ते घडलं. आमच्याकडे शिंगाळा जाळ्यात आला की पहिलं काम त्याचे काटे मोडायचं. तीन असतात, एक पाठीवर आणि दोन कल्ल्यांच्या बाजूला, करवतीसारखे दातेरी. लाकडी दांडक्याने तिन्ही मोडायचे, मगच मासा ढिगात टाकायचा, कारण पुढचा माणूस डोळे झाकून ढिगात हात घालतो. आमच्या बोटीवर हे काम एक खलाशी करायचा, तलासरीच्या पुढच्या पाड्यावरचा. बरीच वर्षं आमच्याकडे होता. त्या दिवशी एका शिंगाळ्याचा एक काटा राहिला. भावाने क्रेट भरायला ढिगात हात घातला आणि काटा तळहातातून आरपार गेला.

भावाने पक्कड लावून तो स्वतःच उपसला. वडिलांनी तेवढ्यात तोच दांडका उचलून खलाशाच्या पाठीत घातला होता. तो काहीतरी बोलायला गेला तर दुसरा बसला. बोट बंदराला टेकली न टेकली तोच त्याने उडी मारली आणि चपला बोटीवरच सोडून तो निघून गेला. मी बंदरावर उभी होते. माझ्या शेजारून गेला तेव्हा एक हात काखेत दाबून धरला होता. मला वाटलं, मार लागलाय.

भावाचा हात दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत सुजला, मग खांद्यापर्यंत. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्याला वापीच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे तळहात चिरला, पू काढला, सडलेलं मांस खरवडलं. तो इतका ओरडला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले. जखम हळूहळू स्वच्छ झाली. औषधाने जंतू मेले, रक्तात सापडेनात. पण ताप उतरेना. उलट हिरड्यांतून रक्त यायला लागलं, डोळे पिवळे झाले, दंडावर नुसतं बोट टेकलं तरी काळंनिळं व्हायचं. काविळीसारखा पिवळा आणि वांग्यासारखा जांभळा, असा माझा भाऊ त्या खाटेवर पडला होता. पंचविशीचा पोरगा, एकट्याने नांगर उचलून बोटीवर टाकायचा.

तिथल्या डॉक्टरबाईंनी कमरेच्या हाडातून मगज काढून तपासायला दिला. मी तपासणाऱ्या माणसाच्या हातापाया पडून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. भक्षक पेशी टम्म फुगलेल्या होत्या आणि त्यांच्या पोटात भावाच्याच तांबड्या पेशी होत्या, अख्ख्या गिळलेल्या. एकीने तर पांढरीही गिळली होती, म्हणजे आपल्याच सोबतिणीला. इतकी वर्षं मी उंदरांची पोटं फाडते आहे, पण आपल्या माणसाच्या पेशी कधी पाहिल्या नव्हत्या. बाहेर येऊन मी थेट डॉक्टरबाईंची खोली गाठली.

डॉक्टरबाईंनी वडिलांना सरळ सांगितलं. जंतू संपलेत, आता याचं शरीरच याला खातंय. भरपूर स्टिरॉइड देऊन ते सैन्य दाबावं लागेल, नाही दबलं तर त्याच पेशी मारणारं आणखी कडक औषध. आजच सुरू करायला हवं. मला ते सगळं आधीच कळलं होतं. आणि हेही कळत होतं की माझा एकशे सेहेचाळीस अजून कुठल्या बाटलीत मिळत नाही. भावाच्या पेशींत नेमकं काय बिघडलं होतं तेही मला माहीत नव्हतं. माझ्या उंदरांसारखं काही असेल किंवा भलतंच असेल. आमच्या हाताशी होता तो हा मोठा सोटा, सगळ्यांना सरसकट झोपवणारा. तोच घालायला हवा होता, आणि लगेच.

वडील म्हणाले, "माझा पोरगा लढतोय आनि तुमी त्याचे हात बांधनार?"

"बांधले नाहीत तर तो मरेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"लढून मरंल. बांधून नाय मारू देनार." आणि त्यांनी अतिदक्षता विभागाच्या दारावरच्या काचेत मूठ घातली. काच खळकन फुटली, नर्स किंचाळली, वडिलांच्या मनगटातून रक्त फरशीवर गळायला लागलं. शेजारच्या खाटेचा नातेवाईक पोलिसांना फोन करतो म्हणाला. त्यानंतर दवाखान्याने वडिलांच्या सहीशिवाय हात लावायला नकार दिला. मी बहीण आहे, मी सही करते म्हटलं, आरडाओरडा केला, टेबलावरचा फोन भिरकावला. उपयोग झाला नाही. उद्या हा माणूस येऊन आम्हाला मारेल, ते म्हणाले. त्यांचं काय चुकलं? मारलं असतंच.

मी वडिलांना जिन्यात गाठलं. "बाबा, जंतू मेले. आता मारायला कोणी उरलेलं नाही. कळतंय का तुम्हाला?"

"उरलाय एक," ते म्हणाले.

कोण ते मला लगेच कळलं. मी त्यांची वाट अडवली. त्यांनी मुस्कटात भडकावली, काचेने कापलेल्या हाताने, त्यामुळे माझ्या गालावर त्यांचंच रक्त लागलं. मी त्यांची गचांडी धरून त्यांना भिंतीवर आपटलं. बापावर हात उचलला आणि खरं सांगते, बरं वाटलं. त्यांच्या डोक्याचा भिंतीवर आवाज झाला. पण त्यांची ताकद माझ्यापेक्षा किती जास्त! त्यांनी मला बाजूला सारलं आणि खाली उतरले. खाली आमचा मासळीचा टेम्पो उभा होता, दोन्ही काका पुढे बसले होते, आणि पायाशी तो दांडका होता. बोटीवरून मुद्दाम आणलेला.

मी मागे रिकाम्या क्रेटांमध्ये चढून बसले. थांबवायला की आणखी कशाला, याचा विचार केला नाही. एवढंच डोक्यात होतं की यांनी माणूस मारला तर सही करणारा बापच कोठडीत असेल आणि भाऊ आज रात्रीत जाईल. हायवेला टेम्पो उडत होता, क्रेट माझ्या गुडघ्यांवर आदळत होते. तलासरीला वळलो, डांबरी रस्ता संपला, कच्चा लागला.

खलाशाचं घर पाड्याच्या टोकाला होतं. भूकंपाच्या धक्क्यांनी मागच्या भिंतीला पडलेली चीर शेणामातीने बुजवलेली. तो अंगणात काटक्या फोडत होता. आम्हाला पाहून उठला, पण पळाला नाही. वडिलांनी एक शब्द न बोलता दांडका घातला. पहिला खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कानाचा वरचा भाग फाटून लोंबायला लागला. तो गुडघ्यांवर आला तशी एका काकाने लाथ घातली. मी काकाच्या पाठीवर झेपावले, त्याच्या दंडाला कडकडून चावले, त्याच्या रक्ताची खारट चव मला अजून आठवते. घरातून खलाशाची बायको कोयता घेऊन आली. शेजारपाजारचे लाठ्या घेऊन धावत आले, एक दगड दुसऱ्या काकाच्या कपाळात बसला आणि तो टेम्पोच्या चाकाशी कोसळला. वडिलांनी पुन्हा दांडका उगारला होता.

"तांडेल, माना पन लागेल हाय," खलाशी म्हणाला आणि उजवा हात वर केला.

तळहाताच्या मधोमध एक जुनी होत आलेली खूण होती, आजूबाजूची कातडी सोललेली, नवी गुलाबी कातडी आलेली. "त्याच माशाचा. दोन काटं मोडलं, तिसरा माझे हातात घुसला. तो काढीत व्हतो तवर मासा ढिगात गेला. बोटीवर सांगत व्हतो, तुमी आयकलं नाय."

वडिलांचा दांडका तसाच वर राहिला. "आनि मग?"

"मंग काय. दोन दिस ताप आला, हात सुजला. उतरला."

तोच मासा, तोच काटा, तीच घाण. याच्या अंगात आधी गेला, मग माझ्या भावाच्या. याच्याही पेशी पेटल्या असतील, याच्याही अंगात हुकूम सुटले असतील. आणि मग कुठेतरी कोणीतरी ते हुकूम फाडले. मी आयुष्यभर पिंजऱ्यातले उंदीर शेजारी शेजारी ठेवून जे बघते ते माझ्यासमोर रक्ताने माखून गुडघ्यांवर बसलं होतं. मी वडिलांवर किंचाळले, "बघा! बघा त्याचा हात! काट्याने नाही मरत तुमचा पोरगा! याचं थांबलं, त्याचं थांबत नाहीये!"

वडिलांनी वाकून तो हात स्वतःच्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, खुणेवर अंगठा दाबला. तोवर खलाशाची बायको कोयता घेऊन अगदी जवळ आली होती. त्याने तिला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि ती जागीच थांबली, शेजाऱ्यांच्या लाठ्याही थांबल्या, पण तिने कोयता खाली केला नाही.

त्याचा कान ओढणीने बांधून मी त्याला टेम्पोत घेतलं आणि तलासरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मागे क्रेटवर एका बाजूला वडील, समोर त्याची बायको, मांडीवर कोयता. पूर्ण रस्ता तिने वडिलांवरची नजर काढली नाही. वडील मान खाली घालून बसले होते. मधेच मला म्हणाले, "ते औषद थांबवनारं हाय ना?"

"हो."

"दे मग."

त्याच संध्याकाळी वापीला त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी खलाशाच्या बायकोच्या तक्रारीवरून पोलीस त्यांना घेऊन गेले. काकांनाही नेलं. मला वाईट वाटलं नाही, आणि ते मी पोलिसांसमोरच बोलून दाखवलं. त्या खलाशाला त्या कानाने आता ऐकू येत नाही. तो आमच्या बोटीवर परत आला नाही, कोण येईल?

भाऊ वाचला. ताप उतरला, हिरड्या बऱ्या झाल्या, डोळ्यांतला पिवळेपणा गेला. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, जाळं ओढता येत नाही, आता तो बंदरावर बर्फाचा हिशेब बघतो. स्टिरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या. वडील जामिनावर सुटून घरी आले आणि आईने फोनवर मला नवलच सांगितलं. अगं, तुझा बाप कोणावर हात उचलत नाय. परवा बर्फवाल्याने शिवी दिली तरी गप. जेवणात मीठ जास्त झालं तरी गप. आईचा आवाज आनंदाचा नव्हता, तिला भीती वाटत होती.

मी पुढच्या सुट्टीला गेले तेव्हा दारातच दचकले. वडिलांचा चेहरा गोल गरगरीत झाला होता, मानेमागे चरबी आली होती, तांब्यावर तांब्या पाणी पीत होते. हा चेहरा मी ओळखत होते, काही महिन्यांपूर्वी भावाचा असाच झाला होता. मी सरळ त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. भावाच्याच गोळ्यांची पट्टी निघाली. भावाचं जुनं पाकीट मेडिकलमध्ये दाखवून ते रोज सकाळी एक घेत होते, जामिनावर सुटल्यापासून.

"हे काय आहे बाबा?"

"त्याचं थांबलं ना हिनं," ते म्हणाले. "माझं पन थांबल म्हनून."

माझा संताप असा उसळला की पट्टी हातात चुरगळली. मी त्यांना फैलावर घेतलं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, पोटात रक्तस्राव होतो, आणि मुख्य म्हणजे ही गोळी रागाची नाहीच. उलट हिने माणूस जास्त चिडतो, त्याची झोप उडते. कित्येकांचं डोकं फिरतं हिने. हात उगारायचा थांबवणारी गोळी जगात कुठेच नाही, माझ्याकडेही नाही.

ते सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तवापासून कोनाला हात नाय लावला मी. गोळीनं नाय, तर मग कोनी थांबवलं?"

"तुम्हीच, बाबा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांची थट्टा करते आहे. "माझ्यावर नको सोडू," ते म्हणाले. "माझ्यावर सोडलं तर काय होतं ते तू बघितलंस. गोळी दे." आणि त्यांनी हात पुढे केला.

मी मान झटकन मागे घेतली, गालावर हात ठेवला. इतक्या वर्षांची सवय. हात गोळी मागायला आला होता, आणि मी मागे झाले हे त्यांनी पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले, मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं.

इतके दिवस घेतलेली ही गोळी एकदम बंद करता येत नाही, अंगाला झेपत नाही, कमी करतच आणावी लागते. उद्या डॉक्टरकडे न्यायचं असं मी ठरवलं. चुरगळलेल्या पट्टीतून एक गोळी काढली, दातांनी मोडली आणि अर्धी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती पाण्याशिवायच गिळली.